प्लॅस्टिकच्या मोटारींच्या प्रतिकृती बांधताना : खानदेशातल्या हवेत या चुका टाळा

रंगाच्या स्प्रेच्या डब्यावर छापलेल्या सूचना ज्या हवेला धरून लिहिलेल्या असतात, ती हवा जळगाव, धुळे किंवा भुसावळ येथे वर्षातले मोजकेच महिने मिळते. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या पुढे जातो, धुळीचे लोट उठतात, आणि पाऊस लागला की तीच खोली दमट होते. माझ्या पाहण्यात १/२४ आणि १/२५ मापाच्या जितक्या गाड्या बिघडल्या, त्यांतल्या बहुतेक चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या क्रमाने दिलेल्या रंगामुळे बिघडल्या. चिकटवण्यातली चूक बहुधा सुधारता येते. म्हणून रंगाविषयी येथे सर्वांत अधिक लिहितो.

रंगाची वेळ

दुपारी दिलेला रंग खरखरीत का होतो, असा प्रश्न नवे छंदिष्ट नेहमी विचारतात. कोरड्या, तापलेल्या हवेत फवाऱ्यातला द्रावक बॉडीपर्यंत पोहोचण्याआधीच उडून जातो आणि रंगाचे अर्धवट सुकलेले कण पृष्ठभागावर वाळूसारखे बसतात. डबा लांब धरला तर हा दोष वाढतो आणि फार जवळ आणला तर रंग ओघळतो. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सहा ते आठ हीच रंगाची वेळ मानावी, डबा साधारण २० सेंटिमीटरवर धरावा, आणि एका जाड थराऐवजी तीन-चार पातळ थर द्यावेत. खरखरीत झालेला थर पूर्ण वाळू द्यावा, डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये वापरतात तो १५०० आणि नंतर २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा, आणि मग पुढचा थर द्यावा.

दुसरी चूक खास आपल्याकडची आहे. उकाडा असह्य होतो म्हणून माणूस कूलर लावून रंगवायला बसतो. कूलर खोलीत बाष्प आणतो आणि वाऱ्याने धूळही उडवतो. लॅकर म्हणजे झटपट वाळणारा रंग. त्याचा द्रावक वेगाने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर बाष्प बसते आणि चकचकीत क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, पांढरट धुके पसरते. पावसाळ्यातही नेमके हेच घडते. अशा वेळी थर खरवडण्याची घाई करू नये. कोरड्या दिवशी त्याच लॅकरचा किंवा सावकाश उडणाऱ्या थिनरचा अगदी पातळ फवारा दिला, तर खालचा थर किंचित सैल होतो, अडकलेला ओलावा निघून जातो आणि बहुतेक वेळा चमक परत येते.

कोरड्या हवेत प्लॅस्टिकवर स्थिर विद्युतभार साठतो आणि धूळ ओढली जाते. कोरड्या फडक्याने घासले तर तो भार उलट वाढतो. बॉडी किंचित ओलसर फडक्याने पुसून पूर्ण सुकू द्यावी, रंगाच्या अर्धा तास आधी फरशीवर थोडे पाणी शिंपडावे, आणि रंगवल्यावर बॉडीवर मोठा डबा उपडा घालावा. रंगकाम नेहमी हवेशीर जागी, मास्क लावून आणि गॅसच्या शेगडीपासून दूर करावे. स्प्रेचा डबा कोमट पाण्यात ठेवावा हा सल्ला थंड प्रदेशांतला आहे. डिसेंबरच्या पहाटे तो आपल्यालाही उपयोगी पडतो, पण मे महिन्यात डबा उन्हात किंवा बंद गाडीत राहिला तर तो फुटू शकतो.

थरांचा क्रम

किटची, म्हणजे सुट्या भागांच्या संचातली, बॉडी पॉलिस्टायरिन या प्लॅस्टिकची असते. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर हे प्लॅस्टिक विरघळवतो, हे मला माझ्या पहिल्या गाडीचे छत गमावून कळले. खऱ्या मोटारींना देतात तो लॅकर उघड्या प्लॅस्टिकवर मारला तरी पृष्ठभागावर बारीक भेगांचे जाळे उमटते. त्याखाली प्रायमर, म्हणजे अस्तराचा थर, हवाच. सावकाश वाळणाऱ्या, तेलकट इनॅमल रंगावर लॅकर मारू नये, कारण लॅकरचा तीव्र द्रावक खालच्या थराला सुरकुत्या पाडतो. उलट क्रम, म्हणजे वाळलेल्या लॅकरवर इनॅमल, चालतो. लाल प्लॅस्टिकच्या बॉडीला पांढरा रंग द्यायचा असेल, तर आधी चंदेरी थर द्यावा, नाहीतर लाल रंगद्रव्य वर झिरपून पांढऱ्याचा गुलाबी होतो. रंग हाताला कोरडा लागला म्हणजे आतपर्यंत वाळला असे नाही. नाकाजवळ धरून वास आला, तर त्यावर मास्किंग टेप लावण्याची वेळ आलेली नाही.

जाड रंगाचा तोटा डोळ्यांना लगेच दिसत नाही, म्हणून तो गणिताने समजून घ्यावा. खऱ्या मोटारीवरचा कारखान्यातला रंग साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर जाड असतो. प्रतिकृतीवर तेवढाच ०.१ मिलिमीटरचा थर बसला, तर १/२४ मापात तो २.४ मिलिमीटरचा ठरतो. दाराभोवतीची खरी ५ मिलिमीटरची फट त्या मापात जेमतेम ०.२ मिलिमीटर उरते आणि दोन जाड थरांत बुजून जाते. म्हणूनच दारे, बॉनेट आणि डिकीच्या रेषा रंगापूर्वी टोकदार स्क्राइबरने हळूहळू खोल करून घ्याव्यात. रंग दिल्यावर हे काम करणाऱ्याच्या हातून एक ओरखडा हमखास उमटतो.

बदल करताना

गाडी खाली बसवण्याचा मोह सर्वांना होतो. खऱ्या गाडीत ५ सेंटिमीटर म्हणजे येथे सुमारे २ मिलिमीटर, एवढेच. पुष्कळ जण डोळ्यांच्या अंदाजाने ४ मिलिमीटर कापतात आणि मग टायर मडगार्डमध्ये घुसतो, पुढची चाके वळत नाहीत. कापण्यापूर्वी चॅसी, आतला सीटांचा टब आणि बॉडी मास्किंग टेपने जोडून चाके लावून पाहावीत. रंगानंतर फिटिंग तपासणे ही या छंदातली सर्वांत महागडी चूक आहे. जास्त कापले गेले असेल, तर एक्सलखाली पॉलिस्टायरिनच्या पातळ पट्टीचे तुकडे चिकटवून उंची परत मिळवता येते.

अमेरिकी किटमध्ये स्टिअरिंग बहुधा डावीकडे असते. आपल्या रस्त्यांवरची गाडी बनवण्यासाठी ते उजवीकडे हलवले, तर डॅशबोर्डबरोबर पेडलही हलवावे लागतात आणि वायपरची दिशाही उलटते. वायपरचा विसर फारच सर्रास पडतो, आणि जाणकाराची नजर तेथेच जाते.

मडगार्ड रुंद करताना गॅरेजमधली पुट्टी चालते, मात्र एका घटकाची एनसी पुट्टी सुकताना आकसते. ती पातळ थरांत, मध्ये पुरेसा वेळ देऊन भरावी. मोठ्या भरावासाठी हार्डनर घालायची पॉलिएस्टर पुट्टी अधिक भरवशाची आहे. महिनाभराने रंगाखाली खड्डा दिसू लागला, तर पुट्टी घाईत घासली गेली असे समजावे. तेवढाच भाग घासून पुन्हा भरण्यावाचून इलाज नाही.

काच, क्रोम आणि टायर

काचा फेव्हिक्विकसारख्या झटपट डिंकाने चिकटवू नयेत. त्यातल्या सायनोअ‍ॅक्रिलेटची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी बुरशीसारखी बसते. फेव्हिकॉलसारखा पांढरा डिंक पारदर्शक सुकतो आणि चुकल्यास ओल्या कापसाने निघतो. क्रोमच्या भागांवर प्लॅस्टिक सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा डिंक, धरत नाही, कारण ते मुलाम्याच्या पलीकडच्या प्लॅस्टिकपर्यंत पोहोचतच नाही. जोडाच्या जागेवरचा मुलामा खरवडावा. सगळा क्रोम काढायचा असेल, तर कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात तो निघतो. हातमोजे आणि चष्मा घालावा, आणि आपण ज्याला जर्मनचे पातेले म्हणतो ते वापरू नये, कारण कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमलाही खातो.

पूर्ण झालेली गाडी पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर ठेवू नये. खूप तापल्यावर गाडीच्या काचांमधले पातळ खांब आणि तिचे छत वाकते. धाब्याच्या घरातला आतला, अंधारा कोनाडा त्यापेक्षा कितीतरी बरा. वाकलेली सुटी, न रंगवलेली बॉडी हाताला चटका बसेल इतपत गरम पाण्यात बुडवून, सावकाश सरळ धरून थंड होऊ दिली की बरीचशी सुधारते. जुन्या किटमधले मऊ व्हिनाइलचे टायर मात्र वेगळ्या कारणाने घात करतात. त्यांच्यातला मऊपणा देणारा पदार्थ बाहेर झिरपतो आणि ज्या पॉलिस्टायरिनला टायर टेकलेला असतो, तेथे ते वितळल्यासारखे होते. उष्णतेत हे लवकर घडते. डबा उघडताच टायर वेगळ्या पिशवीत ठेवावेत, आणि बसवताना रिमच्या ज्या कडेला ते टेकतात तेथे रंगाचा किंवा पातळ धातूच्या पट्टीचा अडसर द्यावा.