अंधार हळूहळू करा
तारांगणात शाळेची मुलं आली की घुमटाखाली एकदम अंधार करू नका. पहिली-दुसरीची पोरं घाबरतात, एकाने रडू काढलं की शेजारचंही रडतं. सूर्यास्त सावकाश दाखवा, तीन-चार मिनिटं तरी. तेवढ्यात डोळेही सरावू लागतात. मग सप्तर्षीतल्या पुलह या ताऱ्यापासून क्रतू या ताऱ्याकडे जाणारी रेघ तशीच पुढे साधारण पाचपट वाढवायला सांगा आणि ध्रुव मुलांनाच सापडू द्या. आपण आधी बोट दाखवायचं नाही! निघताना घरचं काम द्या, ध्रुवाची उंची मुठीने मोजायची: हात ताणून धरलेली मूठ साधारण १० अंश व्यापते. मुंबईत ध्रुव क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर, म्हणजे जेमतेम दोन मुठी. एप्रिल-मेमध्ये रात्री सप्तर्षी उत्तरेला उंच असतात, तेव्हा गच्चीवरून मोजता येतं.