मुंबईतली अमेरिकी जोडीदार-व्हिसाची मुलाखत : नावांचा घोळ आधीच निस्तरा

बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) अमेरिकी वकिलातीत सीआर-१ (लग्नाला दोन वर्षं व्हायची असतील तर) किंवा आयआर-१ (दोन वर्षं झाली असतील तर) या जोडीदार-व्हिसांची मुलाखत बहुधा थोडक्यात आटोपते. अडतं ते कागदांवर. मराठी घरांत लग्नानंतर वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनावही बदलतं. त्यामुळे जन्मदाखला एका नावाचा आणि पासपोर्ट दुसऱ्या. डीएस-२६० या ऑनलाइन व्हिसा-अर्जात 'वापरलेली इतर नावं' या रकान्यात माहेरचं पूर्ण नाव लिहा आणि नोंदणी विवाहाचा दाखला मूळ प्रतीत न्या. मंगल कार्यालयाची पावती किंवा लग्नपत्रिका त्याची जागा घेत नाही. जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसेल (जुन्या दाखल्यांत हे सर्रास आढळतं), तर महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नाव आधी चढवून घ्या.

आय-८६४ या आर्थिक हमीच्या फॉर्मवर अमेरिकेतल्या जोडीदाराची सही हवी, सोबत ताजं टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट (अमेरिकी कर खात्याकडून मिळणारा विवरणपत्राचा उतारा). त्याचं उत्पन्न साधारणपणे अमेरिकेतल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के लागतं. कमी पडल्यास सह-प्रायोजकाचा, म्हणजे हमी घेणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीचा, वेगळा फॉर्म. कागद कमी असला की २२१(जी)ची चिठ्ठी (व्हिसा तूर्त नाकारल्याची, उरलेले कागद मागणारी) मिळते आणि प्रकरण लटकतं.

वैद्यकीय तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करा. अहवालाचा बंद लिफाफा मिळाला तर तो फोडू नका. मोबाइल वकिलातीत चालत नाही, तो घरीच ठेवा. भेटी, फोन, एकत्र राहणं यांच्या तारखा मात्र दोघांच्याही तोंडी एकच हव्यात.