प्रादेशिक ब्रुअरींच्या आयपीएची तुलना कशी करावी

निरनिराळ्या प्रदेशांतील छोट्या ब्रुअरींच्या इंडिया पेल एल (आयपीए) या बिअरची तुलना करताना सर्वप्रथम कॅनवर छापलेली भरण्याची तारीख पाहावी, कारण हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि गंध देणाऱ्या फुलांचा) सुगंध काही महिन्यांतच उतरतो आणि जुन्या कॅनवरून एखाद्या ब्रुअरीला कमी लेखणे, माझ्या मते, तिच्यावर अन्याय ठरतो. वेस्ट कोस्ट शैलीची नितळ, कडवट बिअर आणि ओट्स-गव्हामुळे धूसर दिसणारी न्यू इंग्लंड शैलीची बिअर यांना एकच मापदंड लावू नये. कोणती बिअर कोणाची हे कळू नये म्हणून ग्लासांवर केवळ क्रमांक घालून, सुमारे ७ ते १० अंश सेल्सिअस तापमानाची बिअर दुसऱ्याकडून ओतून घ्यावी. आधी वास घ्यावा: वेस्ट कोस्ट शैलीत बहुधा ग्रेपफ्रूट आणि पाइनच्या राळेचा, तर न्यू इंग्लंड शैलीत पिकलेल्या आंब्यासारखा दरवळ जाणवतो. कडवटपणा जिभेवर साचत जातो, म्हणून मध्ये पाणी प्यावे आणि एका बैठकीत चारच नमुने, तेही घोटभर, चाखावेत.