दिल्ली ते टोकियो विमानप्रवास: अंतर आणि वेळ स्वतः कसा काढाल

तिकिटांच्या संकेतस्थळावर जातानाचा प्रवास साधारण आठ तासांचा आणि येतानाचा साडेनऊ-दहा तासांचा दिसतो. रस्ता तोच, मग हा फरक कुठून आला? आकडेमोड स्वतः केली की उलगडा होतो.

१. आधी सरळ अंतर काढा. भिंतीवरचा सपाट नकाशा इथे फसवतो, त्यामुळे पृथ्वीगोल घ्या. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर दिल्ली ते टोकियो दोरा ताणून धरला तर तो सुमारे १३.८ सेंटिमीटर भरतो. १ सेंटिमीटर म्हणजे अंदाजे ४२५ किलोमीटर, म्हणजे अंतर झालं ५,८५० किलोमीटरच्या आसपास. दोरा तिबेट आणि मध्य चीनवरून जातो, दोन्ही शहरांच्या उत्तरेकडून, हेही बघून ठेवा.

२. वळसा मिळवा. विमानं सहसा तिबेटचं पठार टाळतात. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला झटपट १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं, आणि तिथली जमीनच त्याहून उंच आहे! म्हणून हिमालयाच्या दक्षिणेने पूर्वेकडे जाऊन मग चीनवर वळायचं. हिशेबाला ६,२०० किलोमीटर धरा.

३. आता वारा. माझ्या मते अंतरापेक्षा हाच आकडा महत्त्वाचा. प्रवासी जेटचा वेग ताशी साधारण ८५० किलोमीटर असतो, पण तो भोवतालच्या हवेच्या तुलनेत. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. हिवाळ्यात जपानवर तर ते जगातल्या सर्वांत जोरदार वाऱ्यांपैकी असतात. पूर्ण मार्गावर सरासरी १०० धरले तरी जाताना वेग ९५० होतो आणि येताना ७५०. भागाकार करा: साडेसहा तास आणि सव्वाआठ तास.

४. त्यात उड्डाणाआधीचं व उतरल्यानंतरचं धावपट्टीवरचं फिरणं, चढउतार यांसाठी अर्धा-पाऊण तास घाला. तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, आणि कंपन्या त्यात उशिराची थोडी सवडही धरतात. त्यामुळे तिथला आकडा तुमच्या उत्तरापेक्षा मोठाच येणार.

५. तिकीट वाचताना दोन्ही वेळा एकाच घड्याळावर आणा. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे आणि हा फरक वर्षभर बदलत नाही. समजा, दिल्लीहून रात्री ८ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पोहोचायचं आहे. घड्याळात साडेअकरा तास झाले. त्यातून साडेतीन वजा केले की खरा प्रवास आठ तासांचा. परतीला मात्र साडेतीन मिळवायचे: सकाळी ११ ते संध्याकाळी ५ हे सहा तास दिसतात, प्रत्यक्षात साडेनऊ.

६. उतरण्याचा विमानतळ बघा. हानेदा शहराला लागूनच आहे. नारिता मात्र टोकियोच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटर, गाडीने तासाभराचा रस्ता. थोडं स्वस्त नारिताचं तिकीट घेताना हे भाडं आणि हा तास हिशेबात धरा.

मुंबईहून दिल्लीमार्गे जाणाऱ्यांनी आणखी दोनेक तासांचं उड्डाण आणि दिल्लीतला थांबा मिळवावा. थांबा किमान तीन तासांचा असू द्या, आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या.