गच्चीची गळती आणि सोसायटीतलं भांडण: या चुका टाळा

जूनच्या पहिल्या जोरदार पावसात वरच्या मजल्याच्या छताला ओल धरते आणि सोसायटीच्या ग्रुपवर ‘खर्च कोणी करायचा’ यावर जुंपते. पाणी नेमकं कुठून येतंय, हे मात्र कोणी कागदावर आणलेलं नसतं. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांमध्ये असे वाद वर्षानुवर्षं रेंगाळतात, कारण तांत्रिक प्रश्न आणि पैशाचा प्रश्न एकत्र कालवले जातात. आधी उगम, मग जबाबदारी आणि शेवटी ठेकेदार, असा क्रम ठेवा.

चूक १: उगम न शोधता कोटेशन मागवणं

ठेकेदाराला बोलावलं की तो अख्खी गच्चीच मोजणार. त्याआधी ओल कधी आणि कशी येते ते पाहा. जानेवारीतही छत ओलं असेल तर संशय पाण्याच्या टाकीवर किंवा पाइपवर घ्या. वाऱ्यासह पाऊस आला की पश्चिमेकडच्याच भिंतीला पोपडे येत असतील तर दोष बहुधा बाहेरच्या गिलाव्यात किंवा खिडकीच्या चौकटीत असतो, आणि गच्चीवर लाखो रुपये ओतून तो जात नाही. डिश अँटेना, सोलरचा सांगाडा, एसीचं बाहेरचं युनिट यांसाठी कोब्यात (स्लॅबवर घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या आणि सिमेंटच्या थरात) मारलेले बोल्ट तर हमखास तपासा.

खात्रीसाठी एप्रिल-मेमध्ये, स्लॅब कोरडी असताना, पाणी भरून चाचणी घ्या. सगळी गच्ची एकदम भरू नका. सिमेंटचे छोटे बांध घालून तिचे तीन-चार भाग पाडा, पन्हाळीचं तोंड बंद करा आणि एकेका भागात ४० मिलिमीटर पाणी ४८ तास ठेवा. कोबा जाड असेल तर ७२ तास, कारण कोबा आधी स्वतः पाणी पितो आणि ते खाली उशिरा दिसतं. २० चौरस मीटरच्या भागाला ८०० लिटर पाणी पुरतं, टँकर मागवावा लागत नाही. कठड्यावर पातळीची खूण करा. दर बारा तासांनी खालच्या छताचे फोटो काढा आणि शेवटी तारीख-वेळेसह नोंद लिहून कमिटी व सभासद दोघांच्या सह्या घ्या. पुढे प्रकरण कुठेही गेलं तरी हा कागद कामाला येतो.

छताचा गिलावा फुगला असेल किंवा गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या असतील तर मात्र पाणी भरू नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

चूक २: जुन्या कोब्यावर नवा कोबा

जुना कोबा फोडायचा म्हणजे आवाज, राडारोडा आणि जादा खर्च. म्हणून ‘वरूनच एक थर मारून घेऊ’ असं ठरतं. विटांच्या तुकड्यांचा १०० मिलिमीटर जाडीचा कोबा दर चौरस मीटरला साधारण १८० ते २०० किलो भरतो. वावर असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागात धरलेला वापराचा भार आहे चौरस मीटरला १५० किलो. म्हणजे माणसं, खुर्च्या, मांडव या सगळ्यांसाठी राखलेल्या भारापेक्षा जास्त वजन कायमचं डोक्यावर चढतं. २०० चौरस मीटरच्या गच्चीवर हे ३६ ते ४० टन होतात. तीस वर्षांच्या इमारतीत दोन थर आधीच असू शकतात, हे तर कोणी मोजतच नाही.

जुना थर काढल्यावर उतार नीट द्या: किमान १०० ला १. पन्हाळीपासून सहा मीटर लांब टोकाला कोबा ६० मिलिमीटर उंच हवा. गच्ची आणि कठडा यांच्या सांध्यात गोलाई, म्हणजे वाटा, करून वॉटरप्रूफिंग कठड्यावर फूटभर चढवा. बहुतेक गळती गच्चीच्या मधोमध होत नाही, ती या सांध्यातून आणि पन्हाळीच्या तोंडापाशी होते. ठेकेदार घाई करतो तीही नेमकी तिथेच.

चूक ३: ओल्या पृष्ठभागावर कोटिंग, किंवा खालून मलमपट्टी

पावसाने दोन दिवस उघडीप दिली की रोलर फिरवायचा मोह होतो. आत अडकलेलं पाणी उन्हात वाफ होऊन कोटिंगला फोड आणतं आणि पुढच्या पावसाळ्यात ते सालपटासारखं निघतं. गच्ची खरंच कोरडी आहे का हे पाहायला दीड फूट लांब-रुंद प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खालच्या बाजूला थेंब दिसले तर काम थांबवा. घरातून छताला इपॉक्सी लावणं किंवा पीओपीचं खोटं छत करणं याहून वाईट. पाणी स्लॅबमध्येच मुरतं, सळ्या गंजून फुगतात आणि काँक्रीटचे ढलपे सुटतात.

चूक ४: ‘वरच्या मजल्यावाल्यांनी भरावं’

सोसायट्यांच्या कारभारासाठीच्या नमुना नियमांत, म्हणजे आदर्श उपविधींमध्ये (२०१४ च्या आवृत्तीत क्रमांक १५९) उत्तर स्पष्ट आहे. गच्ची, कठडा, सर्व सदनिकांच्या छतांची संरचनात्मक दुरुस्ती, पावसाच्या पाण्याची गळती, इतकंच काय, गच्चीतून झालेल्या गळतीने खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत आणि गिलावा, हे सगळं सोसायटीच्या खर्चाने. सदनिकेतल्या संडास-बाथरूम किंवा सिंकची गळती मात्र सभासदाच्या खर्चाने. तुमच्या सोसायटीने कोणती आवृत्ती स्वीकारून नोंदवली आहे ती प्रत आधी काढा, क्रमांक मागेपुढे असू शकतात.

पैसे कुठून आणायचे? दुरुस्ती-देखभाल निधीची वर्गणी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडाची (भविष्यातल्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीची) किमान ०.२५ टक्के असते. ती वर्षानुवर्षं गोळा केली असेल तर ओरड कमी होते. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी सर्वसाधारण सभेच्या ठरावाने, क्षेत्रफळाच्या प्रमाणात बसते. तळमजल्याचा दुकानगाळाही त्यातून सुटत नाही.

सभासदांच्या बाजूनेही दोन चुका नेहमी होतात. एक, ठराव नसताना स्वतःच काम उरकून बिल कमिटीपुढे टाकणं. आधी फोटोंसह पत्र द्या, पोचपावती घ्या, मुदत लिहा. दोन, रागाने मेंटेनन्स बंद करणं. त्याने गळती थांबत नाही. तुम्ही थकबाकीदार ठरता आणि वसुलीची कारवाई मागे लागते.

चूक ५: परवानगीविना पत्र्याची शेड

‘वॉटरप्रूफिंगपेक्षा शेड स्वस्त’ हे गणित परवानगीपाशी फसतं. मुंबईत १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३४२ नुसार काही किरकोळ दुरुस्त्यांना परवानगी लागत नाही: गिलावा, रंग, फरशी बदलणं, ड्रेनेजचे पाइप बदलणं, आणि छप्पर त्याच साहित्याने बदलणं. ‘त्याच’ हा शब्द नीट वाचा. कौलं काढून पत्रे घालणं, उतरतं छप्पर सपाट करणं, उंची वाढवणं या सवलतीत बसत नाही. गच्चीवर सांगाडा उभारून शेड टाकणंही बसत नाही. चाळीत आणि बैठ्या घरांत ‘फक्त छप्पर बदललं’ म्हणणाऱ्यांना नोटीस येते ती यामुळे. मुंबईबाहेर बहुतांश शहरांत २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिथेही शेडचा आराखडा आधी बांधकाम परवानगी विभागात दाखवा. इमारत ३० वर्षांपुढची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या आणि दुरुस्तीची यादी त्या अहवालावरूनच काढा.

चूक ६: ‘१० वर्षांची गॅरंटी’ एवढ्यावरच सही

करारात थरांचा क्रम, जाडी, साहित्याचं नाव आणि मोजमापाची पद्धत लिहा. वाटा व कठड्याची आतली बाजू वेगळी मोजायची की गच्चीच्या दरात धरायची, यावरच शेवटच्या बिलात खटके उडतात. काम संपल्यावर पुन्हा पाणी भरून चाचणी घ्या आणि ५ ते १० टक्के रक्कम पुढचा पावसाळा संपेपर्यंत हातात ठेवा.

दाद कुठे मागायची

कमिटी दाद देत नसेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. नुकसानभरपाईसारखा वाद सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. ठेकेदाराविरुद्ध ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं. रेरा (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा स्थावर मालमत्ता कायदा) लागू असलेल्या इमारतीचा ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर ठेकेदार शोधूच नका. रेराच्या कलम १४ प्रमाणे बिल्डरला लेखी कळवा. कळवल्यापासून ३० दिवसांत त्याने विनामूल्य दुरुस्ती करायची आहे. भाडे नियंत्रण कायद्याखालच्या भाडेकरूने घरमालकाला किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी. तरी त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण एका वर्षात त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. म्हणून मोठं काम काढण्याआधी ही रक्कम मोजा आणि नोटिशीची पोच व बिलं जपून ठेवा.