नियतकालिक बंद पडलं तरी लेख टिकावेत म्हणून

सर्व्हरचा बॅकअप म्हणजे जतन नव्हे. बिघडलेली फाइल बॅकअपमध्येही बिघडलेलीच उतरते. लेख प्रकाशित होताच प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारी, फाइल जराशी बदलली तरी बदलणारी खूण) काढून वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि दर तिमाहीला ताडून पाहा. जुळला नाही, तर चांगल्या प्रतीवरून फाइल बदला. त्यासाठी किमान ३ प्रती हव्यात, त्यातली १ दुसऱ्या शहरात.

लेखाची पीडीएफ/ए (दीर्घकाळ जतनासाठीची पीडीएफ) करताना सगळे फाँट फाइलमध्येच बसवा, नाहीतर उद्या दुसराच फाँट लागून जोडाक्षरं फुटतील. मग फाइल पीडीएफ/ए च्या नियमांत बसते का, ते व्हेरापीडीएफ या सॉफ्टवेअरने तपासा.

ओजेएस (नियतकालिक ऑनलाइन चालवण्याचं सॉफ्टवेअर) वापरत असाल, तर लेखांच्या प्रती अनेक ठिकाणी जपणाऱ्या पीकेपी प्रिझर्वेशन नेटवर्कचं मोफत प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) आजच सुरू करा. त्यासाठी आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) मात्र लागतो. संकेतस्थळ बंद झाल्यावर डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-दुवा) नव्या पत्त्याकडे कोण वळवणार, हेही आत्ताच लेखी ठरवा.