बारोलो तुरट लागतेय? या चुका टाळा

बारोलो ही इटालियन रेड वाइन ग्लासात ओतली की पहिली शंका रंगावरून येते. एवढी महागाची बाटली आणि रंग इतका फिका, कडेला विटकरी झाक! वाइन खराब नाही. इटलीच्या वायव्येकडच्या पिएमॉन्तमध्ये, लांगेच्या टेकड्यांवर पिकणाऱ्या ज्या नेब्बिओलो द्राक्षापासून ती बनते, त्याचा स्वभावच तो. त्यात रंगद्रव्य कमी आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, भरपूर. ग्लासातून आरपार दिसतं, पण घोट घेतला की फार उकळलेल्या कोऱ्या चहासारखं तोंड आवळतं.

या तुरटपणामुळेच ती नुसती पिणं ही सगळ्यात मोठी चूक. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. ताटात मांस, लोणी किंवा मुरलेलं चीज असलं की टॅनिनला धरायला दुसरं काही मिळतं, आणि नेब्बिओलोची तीव्र आम्लता तोंडातला तेलकटपणा कापते. तिकडची जोडी बघा: बारोलोमध्ये मुरवून मंद आचेवर तीनेक तास शिजवलेलं बीफ, म्हणजे ब्रासातो, किंवा अंड्याच्या बलकात मळलेल्या बारीक ताजारीन शेवया, त्यावर लोणी आणि आल्बाचं पांढरं ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारं सुगंधी कवक. ब्रासातोसाठी जपून ठेवलेली बाटली मात्र रिकामी करू नका. मुरलेपणाचे नाजूक गंध पातेल्यात उडून जातात. त्याच द्राक्षाची स्वस्त लांगे नेब्बिओलो तिथे पुरते.

तांबडा रस्सा आणि बारोलो हा बेत आपल्याकडे हमखास सुचतो. मटण आहे, रेड वाइन आहे, मग काय हरकत? हरकत मिरचीची. या वाइनमध्ये अल्कोहोल किमान 13 टक्के, बहुधा 14च्या आसपास. ते मिरचीची आग वाढवतं आणि तुरटपणाही टोचू लागतो. त्याऐवजी तुपात परतलेलं, मिरी-लवंगेचं, कमी तिखट मटण करा. मशरूमही छान जमतात. बांगडा, सुरमई नको: रेड वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात हिवस, धातूसारखी चव उरते. गोडाबरोबर ती आंबट आणि कडवट लागते. चॉकलेटच खायचं असेल, तर सिंकोना साल आणि मसाले घातलेली गोडसर बारोलो किनातो वेगळी मिळते.

‘रेड वाइन रूम टेम्परेचरला’ हा नियम थंड युरोपीय घरांचा. मे महिन्यातल्या पुण्यात खोली 32 अंशांवर असते आणि वाइन नाकात नुसती झोंबते. तिला 16 ते 18 अंश हवेत. त्यासाठी बाटली बर्फ-पाण्याच्या बादलीत 10–15 मिनिटं किंवा फ्रिजमध्ये साधारण दीड तास ठेवा. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेली लगेच ओतली, तर गुलाब, डांबर, सुकी चेरी हे तिचे ओळखीचे गंध दबतात आणि तुरटपणा तेवढा वर येतो.

आता हवेबद्दल. कॉर्क काढून बाटली तासभर ठेवल्याने जवळजवळ काही घडत नाही, कारण मानेतून हवा लागते ती रुपयाच्या नाण्याएवढ्या पृष्ठभागाला. नियमानुसार बारोलो किमान 38 महिने मुरते, त्यातले 18 लाकडात. तरी पाच-सहा वर्षांच्या बाटलीतली वाइन तुरट, न खुललेलीच असते. ती रुंद डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनच्या काचेच्या सुरईत, ओतून दोन तास ठेवा. वीस-पंचवीस वर्षांच्या बाटलीला हाच उपाय केलात, तर उरलेसुरले गंध उडतील. ती आदल्या दिवशी उभी ठेवा, गाळ बसू द्या, आणि पिण्याच्या जरा आधी हळूच ओता. गाळ मानेपाशी आला की थांबा. ग्लास मोठा घ्या, एक तृतीयांशच भरा.

एवढं करूनही ओल्या पुठ्ठ्याचा वास येत असेल, तर दोष कॉर्कचा. हवा लावून तो जात नाही, बाटली परत करा. शिजलेल्या जॅमसारखा वास आणि वर सरकलेला कॉर्क दिसला, तर बाटलीने वाटेत किंवा दुकानात ऊन सोसलंय.

खरेदीत गावाचं नाव पाहायला विसरू नका. ला मोर्राच्या बाटल्या साधारणपणे लवकर खुलतात. सेर्रालुंगा आणि मोन्फोर्तेच्या जास्त कडक, पण दीर्घायुषी. या आठवड्यात उघडायची असेल, तर ला मोर्राच्या बाटलीकडेच हात जाऊ द्या.